खरी साक्ष आणि पुरी साक्ष

एखादा मनुष्य साक्षीदार म्हणून उभा राहिला. त्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द खरा होता. तरीही त्याच्या सांगण्यावरून ऐकणाऱ्यांची फसगत झाली. अशा मनुष्यास निर्दोष म्हणावे काय? खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण शब्बाथशाळेत पाठ करतो. पण अपुऱ्या साक्षीविषयी फारसा विचार करीत नाही. जे बोललो ते खरे होते, एवढ्यावर आपली सदसद्विवेकबुद्धी समाधान मानते.

हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी आम्ही वाचकांपुढे साक्षीचे एक असे ठिकाण ठेवू इच्छितो की जेथे आपल्यापैकी फार थोडे गेले असतील. ते म्हणजे व्यसनाविषयीचे संशोधन प्रसिद्ध करणारे शास्त्रीय नियतकालिक. त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मोठा आहे. तेथे छापलेले वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीत उतरते, सरकारच्या धोरणात उतरते, आणि दारूबंदीवर बोलणाऱ्या उपदेशकाच्या तोंडी ‘शास्त्रज्ञ असे म्हणतात’ या शब्दांनी येते. ज्या घरात दारूने किंवा गोळ्यांनी ठाण मांडले आहे, त्या घराचे पुष्कळ बरेवाईट अशा वाक्यांवर ठरते.

या नियतकालिकांचा जन्म चळवळीच्या पोटी झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८८४ साली इंग्लंडमध्ये मद्यासक्तीचा अभ्यास व उपचार करण्यासाठी एक संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. नॉर्मन कर हे मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते होते. मद्यासक्ती हा आजार आहे आणि आजाऱ्यास शिक्षेपेक्षा उपचाराची गरज आहे, असे ते आग्रहाने मांडीत. त्या संस्थेच्या कामकाजाचा जो वृत्तांत छापला जाऊ लागला, त्यातूनच पुढे एक नियतकालिक उभे राहिले. नावे बदलत बदलत १९९३ पासून ते ‘ॲडिक्शन’ या नावाने निघते. म्हणजे या क्षेत्रात कळकळ पहिल्यापासून होती. पण कळकळीचा मनुष्य साक्षीदार म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याची परीक्षा इतरांपेक्षा कठीण असते.

शोधनिबंध तयार करून पाठवणे म्हणजे काय, हेही थोडक्यात पाहू. लेखक प्रथम सांगतो की आपण कोणता प्रश्न विचारला. मग किती माणसे घेतली, ती कशी निवडली, त्यांची संमती कशी घेतली, काय मोजले, किती जण मध्येच सोडून गेले, काय आढळले, आणि आपल्या कामाच्या मर्यादा कोणत्या, हे तो क्रमाने लिहितो. नीतिविषयक समितीची परवानगी होती काय आणि पैसा कोणी दिला, हेही त्याने नमूद करावयाचे असते. संपादक तो निबंध सामान्यतः दोन किंवा तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवतात. ते शंका काढतात, लेखक उत्तरे देतो, दुरुस्त्या होतात आणि मग निबंध छापला जातो किंवा परत येतो.

ही चाळणी चांगलीच आहे. परंतु परीक्षक त्या रुग्णालयात जात नाही, त्या रुग्णांना भेटत नाही. लेखकाने कागदावर जे ठेवले तेवढेच तो पाहतो. जे ठेवलेच नाही ते त्याला दिसणार कसे? म्हणून चाळणी कितीही बारीक असली, तरी सारी इमारत शेवटी लेखकाच्या शब्दावर उभी असते.

एक साधे गणित घेऊ. समजा, शंभर मद्यासक्त माणसांनी उपचार घेतला. वर्षानंतर चौकशी केली तेव्हा साठ जणांचा पत्ताच लागला नाही. जे चाळीस सापडले त्यांपैकी तीस दारूपासून दूर होते. ‘आम्ही भेटलेल्यांपैकी शेकडा पंचाहत्तर सुधारले’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पण ज्याने या रोगाशी झुंजणाऱ्या माणसाबरोबर चार दिवस काढले आहेत, त्याला ठाऊक असते की जो पुन्हा पिऊ लागतो तोच बहुधा भेटण्याचे टाळतो. शंभरांपैकी तीस खात्रीने सुधारले आणि साठांविषयी माहिती नाही, ही झाली पुरी साक्ष. दोन्ही वाक्ये एकाच वहीतून निघतात. पहिल्याने उपचारकेंद्राची कीर्ती वाढते. दुसऱ्याने रुग्णाच्या पत्नीला खरी कल्पना येते.

हे केवळ कल्पनेतले नाही. १९८० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतील नामांकित नियतकालिकात एक लहानसे पत्र छापून आले. ते जेन पोर्टर आणि हर्शेल जिक या बॉस्टनच्या संशोधकांनी लिहिले होते व त्यात अवघी पाच वाक्ये होती. रुग्णालयात असताना अफूवर्गीय वेदनाशामक औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. ज्यांना पूर्वी व्यसन नव्हते अशांपैकी केवळ चौघांत व्यसन जडल्याचे पुरेसे नमूद झालेले आढळले, एवढीच ती माहिती होती. तिच्यात खोटे काही नव्हते. रुग्ण रुग्णालयात होते, हेही पत्रात लिहिलेले होते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इतर लेखक त्या पत्राचा आधार देऊ लागले. रुग्णालयातील देखरेखीखाली दिलेले औषध आणि घरी महिनोन्‌महिने स्वतः घेतलेल्या गोळ्या, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण आधार देणाऱ्यांनी ते अंतर गाळून टाकले. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आली आणि त्यानंतर या पत्राचे उल्लेख आणखी वाढले. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी हिशेब मांडला. ते पत्र ६०८ ठिकाणी उल्लेखिलेले आढळले. त्यांपैकी ४३९ ठिकाणी, म्हणजे शेकडा ७२ हून अधिक वेळा, अशा औषधांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. आणि ४९१ ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयातले होते ही गोष्टच सांगितलेली नव्हती. त्याच वर्षी नियतकालिकाने या पत्राचा आधार विचार न करता वारंवार दिला गेला आहे, अशी सावधगिरीची टीप मूळ पत्राला जोडली. आपल्या पत्राचा असा वापर झाला याचा जिक यांनी उतारवयात खेद व्यक्त केला.

ती गोळी विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीच्या एका संलग्न कंपनीने, व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केला. दंड व भरपाई मिळून सुमारे साठ कोटी डॉलर भरावे लागले. अफूवर्गीय द्रव्यांनी त्या देशात पुढे जो हाहाकार माजवला, त्याचे सारे खापर पाच वाक्यांच्या पत्रावर फोडणे न्यायाचे नाही. नंतरच्या काळातील पुष्कळसे मृत्यू चोरट्या फेन्टानिलने झाले आहेत. परंतु शेकडो सुशिक्षित माणसांनी मूळ पत्र उघडून न पाहता, किंवा पाहूनही त्याची मर्यादा न सांगता, ते पुढे ढकलले, ही गोष्ट उरतेच. त्यांपैकी कितीजणांनी जाणूनबुजून फसवले असेल? आम्हांस वाटते, फार थोड्यांनी. बाकीच्यांनी ऐकीव साक्ष दिली. न्यायालयात ऐकीव गोष्ट सांगू लागणाऱ्यास न्यायाधीश थांबवतात. लिहिण्याच्या मेजाशी थांबवणारा कोणी नसतो. तेथे मनुष्याने स्वतःच स्वतःला थांबवावयाचे असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, “हा तर पैशाच्या लोभाचा परिणाम. आमचा हेतू शुद्ध आहे. आम्हांला ही भीती नाही.” त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण देतो.

कॅलिफोर्नियातील पॅटन सरकारी रुग्णालयात मार्क आणि लिंडा सोबेल या पतिपत्नींनी एक प्रयोग केला व १९७३ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मद्यासक्त वीस पुरुषांना मर्यादित पिण्याचे शिक्षण दिले आणि संपूर्ण वर्ज्याचा नेहमीचा उपचार मिळालेल्या वीस जणांशी त्यांची तुलना केली. पहिल्या गटाची स्थिती अधिक बरी आढळली, असे त्यांनी लिहिले. ज्यांनी आपले आयुष्य दारू सोडवण्यात घालवले होते, त्यांना हे ऐकून धक्का बसला, यात नवल नाही. १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसऱ्या तीन संशोधकांचा निबंध आला. त्यांनी दहा वर्षांनी त्या वीस जणांचा माग काढला होता. मर्यादेत पिणारा एकच उरला होता. आठ जण नुकसान सोसूनही बेसुमार पीतच होते, सहा जणांनी मर्यादेचा नाद सोडून दारू पूर्ण वर्ज्य केली होती, चौघे दारूच्या परिणामाने मेले होते आणि एक बेपत्ता होता.

हे आकडे वाचून आपल्यापैकी कोणाला असे वाटणार नाही की, ‘पाहा, आम्ही म्हणत होतो तेच खरे’? पण येथेच थांबून विचारले पाहिजे की दुसऱ्या वीस जणांचे काय झाले? ज्यांना संपूर्ण वर्ज्याचा उपदेश झाला होता त्यांची दहा वर्षांची हकीगत त्या निबंधात दिलेली नव्हती. ती नंतर पुढे आली. चौघांच्या ठिकाणी त्या गटात सहा मृत्यू झाले होते. सोबेल दांपत्यावर लबाडीचा आरोप झाला होता. टोरांटोच्या संशोधनसंस्थेने नेमलेल्या चौकशी समितीने १९८२ मध्येच त्यांना त्या आरोपातून मुक्त केले.

यावरून मर्यादेत पिणे सुरक्षित आहे, असा अर्थ कोणी काढू नये. वीसांपैकी एक हा आकडा पुरेसा बोलका आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या निबंधातील वीस माणसांची हकीगत उपयुक्त होती. पण तुलनेचा दुसरा पाय कापल्यामुळे ती एका दांपत्याच्या अब्रूवर कुऱ्हाड ठरली. आणि जोडीला दुसरे नुकसान असे की, वर्ज्याच्या नेहमीच्या उपचारानेही इतकी माणसे का दगावली, हा आपणा सर्वांना झोंबणारा प्रश्न बाजूलाच राहिला. चांगल्या कार्याला खोट्याची मदत लागत नाही, असे आपण म्हणतो. त्यास अर्धवट खऱ्याचीही मदत लागू नये.

या अनुभवांतूनच नियम तयार झाले. १९९७ साली व्यसनविषयक नियतकालिकांचे संपादक अमेरिकेतील फार्मिंग्टन येथे जमले व त्यांनी एक संमत मसुदा केला. कोणाचे नाव लेखक म्हणून यावे, एकच निबंध दोन ठिकाणी छापू नये, पैसा कोठून आला ते सांगावे, हितसंबंध उघड करावेत, असे त्याचे स्वरूप होते. २००१ मध्ये या संपादकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून अशी अट घातली की, औषधोपचाराची चाचणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदवलेली असली पाहिजे, म्हणजे उत्तर पाहून प्रश्न बदलता येणार नाही आणि फसलेली चाचणी गुपचूप पुरता येणार नाही. आपल्या देशातही अशी नोंदवही २००७ पासून आहे.

हितसंबंध सांगण्याची गरज काय, हे २०१८ सालच्या एका घटनेवरून कळते. थोडे मद्य हृदयाला हितकारक असते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सरकारी संस्थेमार्फत एक प्रचंड चाचणी सुरू झाली होती. तिच्या खर्चाचा मोठा भाग मद्यउत्पादकांकडून येणार होता आणि तो मिळवण्यासाठी अधिकाऱ्यांनीच त्यांच्याशी संधान बांधले होते, असे आढळताच ती बंद करण्यात आली. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध साक्ष देणे अशक्य नसते. पण मीठ खाल्ले हे ऐकणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

शब्दांची निवड हाही साक्षीचाच भाग आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेहून अधिक मानसोपचारकर्त्यांना एकाच रुग्णाची हकीगत वाचायला दिली. काहींच्या कागदावर त्याला ‘नशाबाज’ अशा अर्थाचा शब्द होता. काहींच्या कागदावर ‘नशेचा विकार असलेला मनुष्य’ असे लिहिले होते. बाकी सर्व सारखे. पहिला शब्द वाचणाऱ्यांनी त्या मनुष्यास अधिक दोषी ठरवले व शिक्षेकडे त्यांचा कल अधिक दिसला. शिकल्यासवरल्या उपचारकर्त्यांची ही गत, तर ‘बेवडा’, ‘दारुडा’ हे शब्द आपल्या वस्त्यांत आणि मंडळ्यांत काय करीत असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते, ज्याला आपल्या बोलण्याचा परिणाम ठाऊक आहे, किंवा थोड्या श्रमाने ठाऊक होऊ शकला असता, त्याने आवश्यक ते गाळले तर तो निर्दोष नाही. सर्व काही सांगणे कोणालाच शक्य नसते; निबंधाला मर्यादा असते, भाषणालाही असते. म्हणून कसोटी अशी लावावी की, जे मी गाळत आहे ते ऐकणाऱ्याला कळले तर तो आपले मत बदलील काय? बदलील, असे मन सांगत असेल, तर तेच प्रथम सांगितले पाहिजे, मग ते आपल्या कार्याला कितीही अडचणीचे असो.

ही कसोटी बॉस्टन व टोरांटोसाठीच नाही. व्यसनमुक्तीच्या कामाचा अहवाल लिहिणारे, देणगीदारांना आकडे पाठवणारे, व्यासपीठावरून उदाहरणे देणारे असे पुष्कळ जण आपल्यात आहेत. दारू सुटलेल्या माणसाची साक्ष आपण आनंदाने पुढे ठेवतो, आणि ती ठेवावीच. पण ज्याची सुटली नाही, जो तीनदा येऊन तीनदा परतला, त्याचीही नोंद त्याच वहीत असू द्यावी. पुढच्या वेळी तो दार ठोठावील तेव्हा त्याच्यासाठी काय निराळे करावे, हे त्या नोंदीवरूनच कळणार आहे.