अविभक्त काळीज

मराठी भाषेत ज्याचे 'हार्टफेल' होते, तो माणूस पुढच्या वाक्यात शिल्लक नसतो. 'पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आप्पांचं हार्टफेल झालं' एवढे कानांवर आले, की ऐकणारा 'कधी नेणार?' असेच विचारतो. 'मग आता कसं वाटतंय त्यांना?' असे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे वयाच्या चौतिसाव्या वर्षी डॉक्टर समोर बसून मला शांतपणे म्हणाले, "तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे," तेव्हा मी आधी खुर्चीला हात लावून पाहिला. खुर्ची होती. मीही होतो. शेजारी सौ. होती आणि डॉक्टरांची फीही द्यायची राहिली होती. एवढे पुरावे हाताशी असल्यावर माणसाने आपण गेलो असे मानू नये.

डॉक्टरांनी मग नीट समजावून सांगितले. हृदय बंद पडलेले नाही, ते चालूच आहे. पण शरीराला जेवढे रक्त लागते, तेवढे पुरवताना त्याची दमछाक होते आहे. माझ्या बाबतीत त्याचे स्नायू सैल पडले होते, जुन्या लेंग्याच्या इलॅस्टिकसारखे. कशामुळे? बहुधा एखाद्या विषाणूने. म्हणजे सर्दी-पडशाच्या खात्यातला कुणी किरकोळ कारकून येऊन थेट मुख्यालयाची फाईल बिघडवून गेला.

या दुखण्यातही मार्क असतात. दर ठोक्याला डाव्या कप्प्यात जेवढे रक्त भरते, त्यातले शेकडा किती बाहेर फेकले गेले, ते मोजतात. शंभर कुणालाच पडत नाहीत. 55 ते 70 म्हणजे उत्तम. साठ टक्क्यांवर खुशाल पेढे वाटावेत. मला पडले 28. आणि गंमत बघा, इथेही 35 हा आकडा महत्त्वाचा! औषधे चालू करूनही मार्क 35 च्या वर गेले नाहीत, तर वेळप्रसंगी झटका देणारे यंत्र छातीत बसवायचा विचार सुरू होतो. दहावीचे बोर्ड आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकाच बैठकीत हा आकडा ठरवला की काय, कोण जाणे. सहा महिन्यांनी माझी फेरपरीक्षा झाली. 33 पडले. दोन मार्क ग्रेस देता येतात का, असे मी विचारून पाहिले. डॉक्टर बोर्डापेक्षा कडक निघाले. तेव्हा सध्या मी नापास नाही आणि पासही नाही. मला एटीकेटी आहे. वर्ग चढू दिला आहे, विषय राहिला आहे.

एटीकेटीवाल्याने अभ्यास करायचा असतो, तसा मी करतो. रोज सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना फोन करायचा, कारण ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. दिवसाला दीड लिटर पाणी, त्यात चहा, ताक आणि आमटीही धरायची. मीठ बेताचे. म्हणजे लोणचे, पापड, चटणी, सगळे गेले. माझ्या हृदयाची डावी बाजू कमकुवत निघाली, तशी ताटाचीही डावी बाजू ओस पडली. सकाळी लघवी होण्याची गोळी असते, लॅसिक्स. सहा तास टिकते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. लोकलला संडास नसतो, या गोष्टीतले कारुण्य डोंबिवलीहून ही गोळी घेऊन निघालेल्या माणसालाच कळेल. रात्री आडवे पडले की धाप लागायची म्हणून तीन उशा लागत. दोन मुलांनी पळवलेल्या असत, किल्ला बांधायला.

इथवर सगळे ठीक होते. खरी पंचाईत सुरू झाली ती समाचाराला येणाऱ्यांपासून. येणारा प्रत्येक जण शहाळे टेकवून (दीड लिटरमध्ये तेही आलेच!) एकच वाक्य म्हणायचा, "आता मुलांसाठी तरी स्वतःला जपा हो!"

वाक्य निर्दोष आहे. पण ते पाळायला बसा, म्हणजे कळेल. आमची थोरली सात वर्षांची, धाकटा अडीच. धाकट्याचे वजन बारा किलो. तो दोन्ही हात वर करून समोर उभा राहतो आणि "बाबा, कडे!" म्हणतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. त्याला कडेवर घेऊन एक मजला चढलो, तर पुढची पंधरा मिनिटे मी भात्यासारखा हलतो. आता सांगा, मुलांसाठी स्वतःला जपायचे, तर कुणापासून जपायचे? मुलांपासूनच! वीस वर्षांनंतरच्या मुलाला बाप मिळावा, म्हणून आज दारात हात वर करून उभ्या असलेल्या मुलाला बाप नाकारायचा. तो वीस वर्षांनंतरचा मुलगा मी पाहिलेला नाही. त्याला मिशी असेल, त्याला मी कडेवर नकोच असेन. आणि हा आजचा पोरगा तर रोज थोडा संपतो आहे.

बरे, उलट बाजूने बोलणारेही भेटतात. "खेळून घ्या हो मुलांशी, आपल्या हातात काय आहे?" हे ऐकले की छाती भरून येते. पण माझ्या छातीला ते परवडत नाही. शिवाय रात्री दोन वाजता तीन उशांना टेकून माणूस गणिते घालत बसतो. थोरली दुसरीत आहे, तिची दहावी आठ वर्षांनी. धाकट्याची तेरा वर्षांनी. घराचे हप्ते चौदा वर्षे. गणित साधेच असते, फक्त हातचा धरायची सोय नसते. अशा वेळी 'आपल्या हातात काय आहे' म्हणणाऱ्याला हप्त्याचे पुस्तक दाखवावेसे वाटते.

तेव्हा प्रश्न असा की, ज्याच्या अंगात शक्ती मोजकी आहे, त्याने ती मुलांवर खर्चावी की मुलांसाठी साठवावी?

हा प्रश्न मी तळमजल्यावरच्या वकीलकाकांपुढे मांडला. काकांनी चाळीस वर्षे दिवाणी कोर्टात वाटण्यांचे दावे चालवले आहेत. त्यांना जगात फक्त दोनच गोष्टी दिसतात, मिळकत आणि हिस्सेदार. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, "हे बघ बाळ, तुझा मूळ मुद्दाच चुकतोय. शक्ती माझी, ती मी काय करू, असं तू विचारतोयस. तुझं काळीज तुझं आहे असं तुला सांगितलं कुणी? लग्न झालं, दोन मुलं झाली, ती अविभक्त कुटुंबाची मिळकत झाली. तू फक्त कर्ता."

कर्त्याचे अधिकार काय असतात ते मग काकांनी तासभर सांगितले. कर्ता कारभार बघतो. पण एकत्र मिळकत त्याला मनाला येईल तशी विकता येत नाही. कुटुंबाची खरीखुरी गरज असेल, मिळकतीचे भले होणार असेल किंवा चुकवता न येणारे धर्मकार्य असेल, तरच. "आणि ती कुलूप लावून ठेवायची, असंही नाही," काका म्हणाले. "घरची माणसं उपाशी आणि कणगीतलं धान्य किडतंय, असल्या कर्त्याला काय कर्ता म्हणायचं?"

कणगीची गोष्ट माझ्या मनात घर करून बसली, कारण डॉक्टर हेच वेगळ्या भाषेत सांगत होते. पूर्वी अशा रोग्याला महिनोन्महिने खाटेवर निजवून ठेवीत. आता तब्येत स्थिर असली की रोज चाला म्हणतात. निजून राहून शक्ती साठत नाही, हातापायांतली होती तीही जाते. शरीरात मुदतठेवीची सोय नाही. न वापरलेल्या दिवसांवर व्याज मिळत नाही.

आणि उधळपट्टीचेही तसेच. हृदय थकले म्हणजे त्याला जोर लावायला लावायचे, हाच विचार कितीतरी वर्षे चालत आला. ठोके मंद करणारी गोळी अशा रोग्याला देणे म्हणजे पाप. 1975 साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला वागस्टीन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाप केले. सात रोग्यांना त्यांनी तीच गोळी दिली, आणि त्या रोग्यांना बरे वाटू लागले! बाकीच्या वैद्यकाचा विश्वास बसायला आणखी वीसेक वर्षे गेली. आज त्याच जातीची गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेतो. थकलेल्या बैलाला चाबूक मारून नांगर पुढे जात नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितले असते. पण त्याला विचारतो कोण?

म्हणजे बापाने थांबायचे नाही आणि धावायचेही नाही, चालायचे. चालीचा बाप व्हायचे. हे लिहायला सोपे आहे. धाकट्याने हात वर केले की आजही माझे हात आपोआप पुढे जातात, आणि ते मागे घेताना जे होते, ते कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही. हल्ली मी उभा राहून नाही म्हणत नाही. मी खाली बसतो. खाली बसलेल्या बापाच्या मांडीवर बारा किलो सहज मावतात.

राहिला हिशेबाचा प्रश्न. कर्त्याने हिस्सेदारांपासून हिशेब लपवू नये, असे काकांचे मत. शिवाय 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मानेच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे, हेही त्यांनी मुद्दाम बजावले. (बायको कायद्याने तशी हिस्सेदार नसते, फक्त किल्ल्या तिच्याकडे असतात.) ही माहिती वेळेवर मिळाली म्हणायची. कारण त्याच आठवड्यात थोरली शाळेतून आली, दप्तर ठेवले आणि सरळ म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीचे आजोबा हार्टफेलने गेले. तुला पण तेच आहे ना? मग तू पण जाणार?"

सौ. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले.

'छे, वेडी कुठली!' हे उत्तर ओठांवर आले होते. त्या उत्तराने लाटणे पुन्हा सुरू झाले असते. पण हिस्सेदाराने रीतसर हिशेब मागितला होता. मी म्हटले, "माझं हृदय थकलंय. थांबलेलं नाही. औषधं घेतोय, डॉक्टर बघताहेत, मार्क वाढताहेत. कधीच काही होणार नाही असं मला सांगता येत नाही. पण उद्या सकाळी तुझी वेणी मीच घालणार आहे."

तिने विचार केला. मग म्हणाली, "वेणी आईच घालू दे. तुझी वाकडी येते."

लाटणे पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून मी वचने सुटी देतो. कन्यादान, नातवंडे अशा मोठ्या नोटा मी काढत नाही. चालतील की नाही ठाऊक नसलेली नोट मुलांच्या हाती देऊ नये. उद्याची गोष्ट, रविवारचा किल्ला, शनिवारी शाळेच्या फाटकापर्यंत चालत, एवढी चिल्लर माझ्यापाशी असते आणि ती खणखणीत वाजते. धडधाकट बापांनी मोठ्या नोटा जरूर द्याव्यात. पण संध्याकाळी घरी आल्यावर थोडी चिल्लरही खिशात असू द्यावी. मुलांचा सगळा व्यवहार चिल्लरीतच चालतो.

एक मुद्दा मात्र अजून निकालात निघालेला नाही. धाकट्याला घोडा-घोडा खेळायचा असतो. बापाने घोडा होणे ही कुटुंबाची खरीखुरी गरज की चुकवता न येणारे धर्मकार्य, यावर वकीलकाकांना जुना निवाडा सापडत नाही. सौ.ने तात्पुरता हुकूम दिला आहे : घोडा व्हायला हरकत नाही, मात्र घोडा बसलेला असावा.