आंधळ्या जॅकचा रस्ता

लीड्स शहराच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर, निड नदीच्या काठी नेअर्सबरो नावाचं गाव आहे. १७१७ साली तिथल्या एका कष्टकरी घरात जॉन ऊर्फ जॅक मेटकाफ जन्मला. सहा वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. पोर वाचलं, पण डोळे गेले.

आईबापांनी कपाळाला हात लावला असेल. पोराने मात्र भिंतीला हात लावला. घराची भिंत, शेजारची भिंत, मग गल्लीतला दगडी कठडा, असं चाचपत तो रोज थोडं पुढे जाऊ लागला. सहा महिन्यांत गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊन परत येऊ लागला. तीन वर्षांनी गावातल्या कुठल्याही घरी निरोप पोचवायचा असला की लोक त्यालाच पाठवत. पुढे तो झाडांवर चढून पाखरांची घरटी शोधू लागला, घोड्यावर बसला, निड नदीत पोहायला शिकला. नदीत कुणी बुडालं किंवा कुणाचा माल वाहून तळाशी गेला, तर बुडी मारायला जॅकला बोलावणं येई. आंधळा जॅक हे त्याचं नाव तेव्हापासून पडलं.

वडिलांनी त्याला व्हायोलिन शिकवायची सोय केली. जवळच्या हॅरोगेट गावात औषधी पाण्याचे झरे होते. उन्हाळ्यात तिथे श्रीमंतांची गर्दी होई, संध्याकाळी नाच होत आणि नाचाला वाजवणारा लागे. जॅक वाजवू लागला आणि पैसे मिळवू लागला. सहा फुटांहून उंच, अंगाने दणकट, बोलायला मिश्कील. त्याला पैजांचा भारी नाद होता.

एकदा घोड्यांच्या शर्यतीची पैज लागली. मोकळ्या माळावर खांब रोवून एक मैलाचा गोल आखला होता आणि त्याला तीन फेरे घालायचे होते. सरळ धावायचं असतं तर घोड्याने जॅकला नेलं असतं, पण गोलात जागोजागी वळावं लागणार आणि आंधळ्याला वळण कसं कळणार, असा समोरच्यांचा हिशेब होता. जॅकने हॅरोगेटच्या खाणावळींतून जेवणाच्या वेळी वाजवायच्या घंटा मागून आणल्या आणि प्रत्येक खांबापाशी एकेक माणूस घंटा देऊन उभा केला. घंटा वाजेल तिकडे घोडा वळवत त्याने तिन्ही फेरे पुरे केले आणि शर्यत जिंकली.

दुसरी गोष्ट रात्रीची. यॉर्कहून हॅरोगेटला जायला निघालेल्या एका गृहस्थाला वाटाड्या हवा होता. वाट आडरानातून होती आणि अंधार पडत आला होता. जॅक घोड्यावरून पुढे झाला. आपला वाटाड्या आंधळा आहे हे गृहस्थाला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने गृहस्थ म्हणाला की पुढे उजेड दिसतोय. जॅकने साळसूदपणे विचारलं, एकच दिसतोय की दोन? एकच, उजव्या बाजूला, असं उत्तर आलं. मग तेच हॅरोगेट, असं सांगून जॅक पुढे निघाला. मुक्कामाला पोचल्यावर खाणावळवाल्याने खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्या गृहस्थाची पाचावर धारण बसली. आधी कळलं असतं तर कितीही पैशांसाठी आपण या माणसामागे निघालो नसतो, असं तो म्हणाला. जॅकचं म्हणणं असं, की आपण ती वाट कितीही पैशांसाठी चुकलो नसतो. एवढ्या रात्रीही त्याला वाट पाठ होती, आणि जिथे डोळे लागणार होते तिथे त्याने त्या गृहस्थाचे वापरले होते.

हॅरोगेटच्याच एका खाणावळवाल्याची मुलगी डॉली बेन्सन हिच्याशी त्याचं मन जुळलं होतं. घरच्यांनी तिचं लग्न दुसरीकडे ठरवलं. लग्नाच्या आदल्या रात्री जॅक तिला घेऊन पळाला आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी लग्न लावलं. गावाला आश्चर्य वाटलं, पण संसार नीट झाला.

तरुणपणी तो लंडनलाही जाऊन आला. परत निघताना हॅरोगेटला येणाऱ्या कर्नल लिडेल नावाच्या ओळखीच्या माणसाने त्याला आपल्या गाडीवर बसून यायला सांगितलं. जॅक म्हणाला, मी चालतच येतो. वाट सुमारे २०० मैलांची. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर चाकोऱ्या आणि खड्डे असे, पावसात गुडघाभर चिखल. जड गाडी रुतायची, काढायची, पुन्हा रुतायची. जॅक साडेपाच दिवसांत हॅरोगेटला पोचला आणि कर्नलची गाडी त्याच्या मागून आली. लोकांनी जॅकच्या पायांचं कौतुक केलं. रस्त्यांची काय दशा आहे, हे त्या पायांनी टप्प्याटप्प्याने टिपून घेतलं होतं.

१७४५ साली स्कॉटलंडमधून राजाविरुद्ध बंड उठलं. कॅप्टन थॉर्नटन यांनी फौजेची एक तुकडी उभी केली आणि जॅक तिच्यात व्हायोलिन वाजवत सामील झाला. फॉल्कर्क आणि कलोडन इथल्या लढायांच्या वेळी तो फौजेबरोबर होता. त्याआधी त्याने मासळीचा व्यापारही करून पाहिला होता. समुद्रकाठी मासळी घ्यायची आणि घोड्यांवर लादून लीड्सच्या बाजारात आणायची. मासळी नाशवंत, उशीर झाला की माल फुकट, त्यामुळे रात्रंदिवस चालावं लागे. फौजेतून परत आल्यावर त्याने घोड्यांची खरेदीविक्री केली, आणि १७५४ पासून यॉर्क ते नेअर्सबरो मालाची गाडी चालवली. या साऱ्या काळात कुठला चढ घोड्याला जड जातो, पाणी कुठे तुंबतं, कुठली माती चाकाला धरून ठेवते, हे त्याच्या पायांना आणि त्याच्या घोड्यांना कळत गेलं.

१७६५ साली हॅरोगेट ते बरोब्रिज हा टोलचा रस्ता बांधायचा ठरला. कामाचे तुकडे करून ठेके निघाले. मिन्स्किप ते फेरेन्स्बी हा तीन मैलांचा तुकडा जॅकने मागितला. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता आणि रस्ता बांधण्याचा त्याला आधी काहीच अनुभव नव्हता. रस्त्याचं काम पाहणाऱ्या विश्वस्तांना तो ठाऊक होता, त्यांनी काम दिलं. जॅकने खडीच्या खाणीपाशीच मजुरांची राहण्याची सोय केली, पहाटे सगळ्यांच्या आधी तो कामावर हजर असे, आणि रस्ता मुदतीत पुरा झाला.

मग कामं येतच गेली. ठेका घेण्याआधी जॅक हातात लांब काठी घेऊन त्या मुलखात एकटा हिंडे. डोंगर चढे, ओढ्यात उतरे, काठी रोवून जमीन किती खोल मऊ आहे ते पाही, माती बोटांत चुरडून बघे. किती खडी लागेल, किती मजूर, किती पैसे, हा सगळा हिशेब तो मनातल्या मनात करी. त्या काळातल्या एका विद्वानाने, जॉर्ज ब्यू यांनी, त्याला असं काठीने वाट चाचपत हिंडताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. हिशेबाची रीत त्यांनी विचारली, तर आपली पद्धत आपल्यापुरती आहे, ती दुसऱ्याला नीट सांगता येत नाही, असं जॅकने कबूल केलं. एकदा तर शेतातल्या मऊ जमिनीवरून चालताना पायाखाली काही वेगळं लागलं म्हणून त्याने खणायला लावलं, आणि गवताखाली रोमन काळातला फरसबंद रस्ता निघाला. त्या दगडांचा उपयोग त्याने नव्या रस्त्याला केला.

लीड्सच्या उत्तरेला चॅपलटाउन आहे. आज तो शहराचाच भाग आहे. तिथून लीड्सला येणाऱ्या रस्त्याचं काम, शीपस्कारच्या पुलाची कमान वाढवण्यासकट, जॅकने केलं. एके काळी ज्या बाजारात तो मासळी घेऊन यायचा, त्या बाजाराकडे येणारी एक वाट आता तो स्वतः नीट करत होता.

पण त्याचं नाव झालं ते हडर्सफील्डच्या पलीकडे, पेनाइन्सच्या डोंगरावर. मँचेस्टरच्या बाजूला जाणारा रस्ता स्टँडएजच्या माळावरून न्यायचा होता. माळ कसला, कुजलेल्या शेवाळाची आणि गवताची खोल दलदल होती ती. माणूस चालला तरी पाय आत जाई. विश्वस्तांच्या माणसाने तोडगा सांगितला: कठीण जमीन लागेपर्यंत सगळा गाळ उपसा आणि त्या चरात रस्ता बांधा. कागदावर हे सरळ दिसत होतं.

जॅक त्या दलदलीवर काठी घेऊन फिरला आणि त्याला हे पटलं नाही. गाळ उपसण्याच्या खर्चाला अंत नाही, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा त्याहून मोठा होता. एवढं करून हाती येणार तो एक खोल खंदक. पावसात तो पाण्याने भरेल, हिवाळ्यात बर्फाने. म्हणजे रस्ता असूनही वाट बंद. विश्वस्तांपुढे त्याने सौदा मांडला: मला माझ्या पद्धतीने करून बघू द्या, नाही टिकला तर पदरच्या खर्चाने तुमच्या पद्धतीने बांधून देतो. त्यांनी मान्य केलं.

जॅकने त्या माळावरचंच हेदर नावाचं काटक झुडूप कापायला लावलं. मजुरांनी त्याच्या गोल मोळ्या बांधल्या. एक थर रस्त्याच्या दिशेने, त्यावर दुसरा आडवा, बाजेच्या विणीसारखा. मोळ्या दाबून बसवल्या, वर दगड आणि मुरूम टाकला. दोन्ही बाजूंना पाणी निघून जाईल असे चर ठेवले. बघ्यांना ही थट्टा वाटत होती. दगडांनी भरलेली गाडी त्या मोळ्यांवरून निघाली, तेव्हा ती घोड्यांसकट आत जाणार म्हणून लोक टक लावून उभे होते. गाडी पार झाली. तिचं ओझं त्या मोळ्यांनी रुंद पसरून घेतलं होतं, एका जागी दाब पडलाच नाही. तो तुकडा पुढे कित्येक वर्षं दुरुस्तीवाचून टिकला, आणि ज्या दलदलीची सगळ्यांना भीती होती तिथेच रस्ता सर्वांत कोरडा राहिला. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली; तिचे अभियंते जॉर्ज स्टीफनसन यांनीही चॅट मॉसच्या दलदलीवरून रूळ नेताना झुडपांच्या थरांवर भार पसरण्याचीच युक्ती वापरली होती.

यॉर्कशायर, लँकेशायर, चेशायर आणि डार्बीशायर या परगण्यांत मिळून जॅकने सुमारे १८० मैलांचे, म्हणजे जवळपास २९० किलोमीटरचे रस्ते बांधले. काही पूलही बांधले. प्रत्येक वेळी नफाच झाला असं नाही. लँकेशायरमधलं शेवटचं मोठं काम १७९२ साली संपलं, तेव्हा हिशेबात त्याला तोटा आला. आसपास कालव्यांची कामं निघाली होती, मजूर तिकडे ओढले गेले आणि मजुरीचे दर वाढले. काठी रोवून बाजाराचा अंदाज येत नाही, हेही त्याला त्या वयात कळलं. ठेका मात्र त्याने अर्धवट सोडला नाही.

त्यानंतर तो स्पॉफर्थ गावी मुलीकडे राहिला. १७९५ साली त्याने आपली हकिकत सांगून लिहून घेतली आणि ती यॉर्कमध्ये छापली गेली. १८१० साली, वयाच्या ९२व्या वर्षी तो वारला. स्पॉफर्थच्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे, आणि नेअर्सबरोच्या बाजारचौकात बाकावर बसलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे.

आता या गोष्टीतून घ्यायचं काय? डोळे नसले तरी चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. जॅकला डोळ्यांची किंमत पुरती ठाऊक होती, म्हणून तर त्याने अंधारात दुसऱ्याचे डोळे वापरले आणि शर्यतीत खांबाखांबाला माणूस उभा केला. आपल्याला काय कळत नाही हे त्याला रोज सकाळी उठल्यापासून माहीत होतं. त्यामुळे तो विचारत राहिला. भिंतीला विचारलं, घंटेला विचारलं, सोबत्याला विचारलं आणि शेवटी दलदलीला विचारलं. खंदक खणायला निघालेल्या डोळस माणसाने माळ लांबून पाहिला आणि आपल्याला सगळं दिसलं असं धरून चालला.

आपल्याकडेही असे खंदक रोज खणले जातात. घरात पोराची शाखा ठरवताना, गावात विहिरीची जागा ठरवताना, कचेरीत योजनेचा आराखडा मंजूर करताना नकाशा समोर असतो, पण तिथे जाऊन जमिनीवर पाय ठेवून आलेला माणूस क्वचितच असतो.

तात्पर्य : आपलं उणं ओळखणारा माणूस विचारून आणि चाचपून पाऊल टाकतो, म्हणून तो तरून जातो. मला सगळं दिसतं असं मानणारा माणूस सपाट वाटेवरही रुततो. निर्णय घेण्याआधी जमीन स्वतःच्या पायांनी तपासावी, आणि जे आपल्याला कळत नाही ते विचारायला लाजू नये.