ऐकून मग लिहावं



भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचे कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वाक्य खरं आहे, पण ते बातमीत शंभरदा छापून आलंय. लेखन सुरू होतं ते झरा साठेपर्यंत रात्री विहिरीवर कोण बसून राहतं, हे विचारल्यावर.

असं आधी ऐकून मग लिहिलं ते गोदावरी परुळेकरांनी. त्या १९४५ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये गेल्या. हा भाग तेव्हा ठाण्यातच होता. बाई पुण्यात वाढलेल्या, कायदा शिकलेल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक आलं १९७० मध्ये. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण मला मोलाची वाटतात ती मधली पंचवीस वर्षं. पुस्तक लिहायला त्या गेल्याच नव्हत्या, वेठबिगारी मोडायला गेल्या होत्या. म्हणूनच त्यातली माणसं नमुने वाटत नाहीत. आपण मात्र एका सहलीवर दोन लेख पाडतो!

मुरबाडकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. त्यांच्यावर लिहायचं तर उचलीचा हिशेब कसा फिटतो, पोरांची शाळा कुठे सुटते, निघताना घर कुणाच्या भरवशावर टाकतात, हे आधी त्यांच्याच तोंडून ऐकावं. मग विशेषणं फारशी लागत नाहीत. आणि वही बाहेर काढायची घाई नको. वही दिसली की लोक साहेबाशी बोलतात तसं बोलू लागतात.