मार्थेची तक्रार

२९ जुलै हा मार्था, मरिया आणि लाजरस या बेथानीच्या तीन भावंडांचा स्मरणदिन. २०२१पर्यंत उपासनेच्या दिनदर्शिकेत या तारखेला एकट्या मार्थेचं नाव होतं. बेथानीची मरिया आणि मग्दालाची मरिया एकच की वेगळ्या, हा घोळ पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत शतकानुशतकं चालत आला होता. ५९१च्या सुमाराला पोप महान ग्रेगरी यांनी एका प्रवचनात दोघींना आणि येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या पापी स्त्रीलाही एकच ठरवून टाकलं होतं. शेवटी पोप फ्रान्सिस यांच्या काळात तिघं भावंडं एका ओळीत आली. जिने उत्तम वाटा निवडला असं आपण ऐकत आलो, तिला बेथानीची मरिया म्हणून हा दिवस मिळाला तो असा बहिणीच्या मागाहून, याची मला थोडी गंमत वाटते.

मार्थेची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. जेमतेम पाच ओव्या. येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते, मार्था पाहुणचाराच्या धावपळीत असते आणि अखेर येऊन तक्रार करते. तीन वर्षांनी एकदा, बहुधा जुलैतच, हे वाचन रविवारच्या मिस्सेत येतं आणि प्रवचनाची दिशा बहुतेक ठरलेली असते: कामाचा व्याप कमी करा, प्रभूजवळ बसा, मरिया व्हा. बाकांवरच्या बाया मान डोलावतात, घरी जातात आणि ओट्याशी उभ्या राहतात. फादर ज्यांच्याकडे जेवायला यायचे असतील त्यांच्या घरात तर जरा जास्तच वेळ.

या प्रवचनात मार्थेला कुणी नीट ऐकतच नाही. ती काय म्हणाली याआधी ती कुणाला म्हणाली, हे पाहायला हवं. बहिणीवर चिडलेलं माणूस सहसा काय करतं? भांडी आपटतं. आतून बहिणीला खुणावतं. पाहुणे गेल्यावर आठवडाभर तोंड फुगवतं, किंवा शेजारणीकडे मन मोकळं करतं. मार्था यातलं काहीच करत नाही. ती थेट येशूसमोर जाऊन उभी राहते आणि त्यालाच विचारते, तुला काहीच वाटत नाही का? राग बहिणीचा, पण जाब पाहुण्याला. असाच प्रश्न मार्कच्या शुभवर्तमानात शिष्यांनीही विचारला आहे: तलावात वादळ उठलं, होडीत पाणी भरू लागलं आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला होता, तेव्हा. बुडणाऱ्या माणसांनी आणि स्वयंपाकात बुडालेल्या बाईने देवाला एकच गोष्ट विचारली.

त्यावर येशू तिचं नाव दोनदा घेतो. बायबलमध्ये अशी दोनदा हाक फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. मोरिया डोंगरावर अब्राहामाला, जळत्या झुडपापाशी मोशेला, रात्री मंदिरात झोपलेल्या लहानग्या शमुवेलाला, दमास्कसच्या वाटेवर शौलाला. या मोठ्या मंडळींच्या रांगेत पिठाच्या हातांची मार्था उभी आहे. हे बोल रागाने झिडकारण्याचे असते तर हाक दोनदा आली नसती, असं मला वाटतं. पुढे तो तिच्या जिवाला लागलेल्या घोराबद्दल बोलतो, मन किती ठिकाणी ओढलं जातंय याबद्दल बोलतो. चूल विझव, असं तो कुठेही म्हणत नाही. मरियेचा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, एवढंच ठामपणे सांगतो. त्या काळी गुरूच्या पायांशी बसणं ही शिष्याची जागा होती. पौलसुद्धा आपण गमालियेलाच्या पायांशी शिकलो असं प्रेषितांच्या कृत्यांत अभिमानाने सांगतो. एका स्त्रीने ती जागा घेतली आणि येशूने ती राखून ठेवली. मरियेची बाजू घेतली म्हणजे मार्थेला हिणवलं, हे आपण मागाहून जोडलं.

लूकने हा प्रसंग ठेवला आहे तो दयाळू शोमरोनीच्या दाखल्याला अगदी लागून. तो दाखला संपतो तो, जा आणि तसंच कर, या अर्थाच्या आज्ञेने. मार्थेच्या प्रसंगानंतर लगेच शिष्य येशूला प्रार्थना करायला शिकव म्हणतात आणि तो त्यांना स्वर्गीय पित्याची प्रार्थना शिकवतो. रस्त्यावरच्या जखमीची सेवा आणि रोजच्या भाकरीची मागणी यांच्यामध्ये हे बेथानीचं घर आहे.

मार्थेची दुसरी तक्रार योहानच्या अकराव्या अध्यायात आहे आणि ती पहिलीपेक्षा खूप कडू आहे. लाजरस आजारी पडल्याचा निरोप बहिणींनी पाठवला होता. निरोप मिळूनही येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. तो बेथानीला पोहोचला तेव्हा लाजरसला थडग्यात ठेवून चार दिवस झाले होते. बेथानी यरुशलेमपासून तीन किलोमीटरच्या आत, जैतुनाच्या डोंगराच्या पूर्व उतारावर. आज त्या गावाला अल-एझारिया म्हणतात, ते लाजरसच्याच नावावरून. येशू येतोय हे कळताच मार्था गावाबाहेर त्याला सामोरी गेली, मरिया घरात बसून राहिली. स्वभाव बदललेले नाहीत. आणि भेटल्याबरोबर मार्था पुन्हा तेच करते: तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता.

याच बोलण्यातून, दोन-चार वाक्यांच्या अंतरावर, तिच्या तोंडून ती श्रद्धेची कबुली येते. तू ख्रिस्त आहेस, जगात येणारा देवाचा पुत्र आहेस, असं ती सांगते. कैसरिया फिलिपीच्या परिसरात पेत्राने जी कबुली दिली आणि जिच्यावर ख्रिस्तसभा उभी आहे असं आपण शिकतो, तिच्या तोडीची ही कबुली आहे. पेत्राने ती चालत्या प्रवासात दिली. मार्थेने भाऊ गेल्याच्या चौथ्या दिवशी, उशीर करणाऱ्याच्या तोंडावर दिली. आणि ती देऊन हवेत तरंगत राहिली असंही नाही. थडग्यावरचा धोंडा बाजूला करायला सांगितल्यावर हीच बाई येशूला सांगते की आता चार दिवस झालेत, दुर्गंधी येत असेल. घर चालवणाऱ्या बाईचं नाक श्रद्धेमुळे बंद होत नाही. २९ जुलैच्या मिस्सेसाठी ख्रिस्तसभेने पहिली पसंती दिली आहे ती योहानच्या या वाचनाला. स्वयंपाकघराचा लूकमधला प्रसंग पर्याय म्हणून आहे.

आपल्या घरांत मात्र तक्रारीला प्रार्थनेत जागा नसते. रोजरीत आपण मागतो, आभार मानतो, क्षमा मागतो. कुणी गेलं तर तिसऱ्या दिवसाच्या आत देवाची मर्जी म्हणून मोकळे होतो. प्रायश्चित्त संस्काराला जाताना देवावर चिडलो हे पापांच्या यादीत लिहून नेतो. स्तोत्रसंहितेने इतकी भीड ठेवलेली नाही. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात, पण ८८वं स्तोत्र वळतच नाही, ते अंधारातच संपतं. तेही आपल्या दैनिक प्रार्थनेत आहे. शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी जगभरातले धर्मगुरू आणि व्रतस्थ ते म्हणतात. मराठी कानाला तर हे परकं वाटायला नको. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांच्या अभंगांवर हा मुलूख वाढला आहे. जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, अशीही आपली कथा. बेथानीत येशूने हातभार लावल्याचं लूक सांगत नाही. त्याने तक्रार मात्र पूर्ण ऐकून घेतली.

आविलाची संत तेरेजा मार्थेच्या बाजूने अनेकदा बोलली आहे. मठ उभारताना गाड्यांतून हिंडलेली, कर्जं, भिंती आणि धान्य यांचा मेळ घातलेली ही बाई. देव भांड्याकुंड्यांमधूनही वावरतो, हे तिने आपल्या भगिनींना लिहून ठेवलं. १५७७मध्ये लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या ग्रंथात, अगदी शेवटच्या महालात पोहोचल्यावर, ती सांगते की प्रभूचं आतिथ्य करायचं तर मार्था आणि मरिया दोघी हव्यात. मरिया सतत पायांशीच बसली आणि बहीण मदतीला नसली तर पाहुण्याला जेवायला काय घालणार, असा तिचा रोखठोक सवाल आहे. ध्यानाच्या सर्वांत उंच पायरीवर उभं राहून तिला स्वयंपाक आठवतो.

तिन्ही भावंडं योहानच्या बाराव्या अध्यायात अखेरची एकत्र दिसतात. वल्हांडणाला सहा दिवस उरले आहेत. येशूने थडग्यातून उठवलेला लाजरस पंक्तीला बसला आहे. मरिया पुन्हा येशूच्या पायांशी आहे आणि जटामांसीचं सुगंधी तेल त्याच्या पायांना लावते आहे. त्या तेलाची मुळी येते आपल्या हिमालयातून. मार्था वाढते आहे. योहानने तेवढंच लिहिलंय, की मार्था वाढत होती. कुणाची जागा बदललेली नाही. या वेळी तक्रार येते ती यहूदाकडून: हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत? मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. योहान लगेच सांगतो की त्याला गरिबांची चिंता नव्हती, थैली त्याच्याकडे असायची आणि तो तिच्यातले पैसे काढून घ्यायचा.