उसातला शेजारी



उसाची तोड सुरू झाली की आपल्या जिल्ह्यात काही बातम्या दरवर्षी ठरलेल्या असतात. फडात बिबट्याची पिल्ले सापडली, वस्तीवरची शेळी गेली, गोठ्यातले वासरू गेले. एखाद्या वर्षी मात्र याहून फार वाईट बातमी येते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. ज्या आईने सकाळी मुलाला अंगणात खेळताना पाहिले आणि संध्याकाळी त्याला मातीत ठेवले, तिच्यापुढे निसर्गप्रेमाचे व्याख्यान देण्याची हिंमत कोणी करू नये.

अशा वेळी दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, ‘सगळे बिबटे गोळ्या घालून मारा.’ दुसरा म्हणतो, ‘बिबट्याचा काय दोष? माणसानेच त्याचे जंगल तोडले.’ पहिला आवाज बहुधा वस्तीवरचा असतो, दुसरा बहुधा शहरातला. दोन्हींत थोडे सत्य आहे, पण दोघेही प्रश्न अर्धाच पाहतात. खरा प्रश्न असा आहे: ज्या प्राण्यापासून आपल्या लेकरांना धोका आहे, त्याला आपल्या परिसरात राहू देणे हे आपले कर्तव्य आहे काय? आणि असेल, तर त्या कर्तव्याची किंमत कोणी मोजायची?

उत्तर शोधण्याआधी हा शेजारी कोण आहे ते समजून घेऊ. आपल्याच अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरचे अभ्यासक चकित झाले. जिथे एका चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक माणसे राहतात, जिथे सलग जंगल नाही, अशा शेतीच्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस राहत होते. दिवसभर ते उसात पडून राहत आणि रात्री घरांच्या अगदी जवळून फिरत. त्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा कळले की त्यांच्या खाण्यातला सुमारे ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे सुमारे ३९ टक्के. इतकी जवळीक असूनही अभ्यासाच्या त्या काळात त्या खोऱ्यात बिबट्याने माणूस मारल्याची घटना नव्हती.

म्हणजे हा बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नाही. तो इथेच, उसात जन्मला आहे. मादी वर्षभर उभ्या असलेल्या उसात पिल्ले देते आणि दीड-दोन वर्षे त्यांना सांभाळते. तोडीत पिल्ले सापडली तर वनखात्याचे लोक ती त्याच जागी ठेवतात, आणि अनेकदा रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. त्या आईला ऊस काय आणि रान काय, सारखेच. आणि हा ऊस कोणी लावला? १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालवे आले, १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कोरडवाहू माळरान हिरवे झाले. आपल्या पिढ्यांना त्या पाण्याने जगवले. त्याच पाण्याने बिबट्यालाही घर दिले. त्याला पाहुणा म्हणा, घुसखोर म्हणा, त्याच्यासाठी दार आपणच उघडले आहे.

मग त्याला पकडून दूर जंगलात सोडावे, हा उपाय सर्वांना न्याय्य वाटतो. जुन्नर भागात हेच करून पाहिले गेले. २००१ पासून तिथे पकडलेले बिबटे दुसऱ्या रानांत नेऊन सोडण्यात आले. त्याआधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ते सरासरी सतरा झाले, आणि हल्ल्यांतील मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. कारण अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो, घराची वाट शोधत वस्त्यांतून भटकतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येऊन राहतो.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढण्यात आला. गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. आजोबा महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, खाडी पार करून, सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ साली एका वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

यात एक नैतिक मुद्दा दडलेला आहे. माझ्या गावचा धोका पिंजऱ्यात भरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला, तर मी धोका संपवला नाही. मी तो माझ्याहून दुबळ्या आणि कमी ओरडणाऱ्या माणसाच्या दारात ठेवला.

आता दुसऱ्या आवाजालाही प्रश्न विचारला पाहिजे. माणूस आणि बिबट्या यांचे जीव सारखेच आहेत काय? ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे. धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि तिथेच हेही सांगतो की माणसांच्या दुःखनिवारणाला जे आधी द्यायला हवे ते प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. म्हणून माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याला वनखात्याने पकडले, किंवा नाइलाजाने ठार केले, तर त्यात पाप नाही. पण पिंजऱ्यात अडकलेल्या प्राण्याला काठ्यांनी मारणे वेगळे. तिथे कोणाचे रक्षण होत नसते, फक्त आपला राग शांत होत असतो. बिबट्याला बरेवाईट कळत नाही, भूक कळते. बरेवाईट आपल्याला कळते, म्हणूनच जबाबदारी आपल्यावर येते. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला सृष्टीवर अधिकार दिला आहे, तसेच बागेची मशागत आणि राखण करण्याचे कामही दिले आहे. राखणदार हा मालक नसतो.

पण राखणीचा भार आज कोणाच्या खांद्यावर आहे? ज्याच्या घराला पक्क्या भिंती आहेत त्याच्या नाही. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या तान्ह्या लेकरावर तो आहे. मेंढरांमागे उघड्या माळावर मुक्काम करणाऱ्या धनगर कुटुंबावर आहे. शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून अंधारात पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्यावर आहे. साखर आपण सगळे खातो, बिबट्याचे फोटो सगळे पाहतात, आणि भीती मात्र गरिबाच्या वाट्याला येते. माणूस दगावला तर शासन कुटुंबाला २५ लाख रुपये देते. ते द्यायलाच हवेत, पण मरणानंतरची भरपाई म्हणजे जगतानाचा न्याय नव्हे.

आफ्रिकेतील रुवांडा देशाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथल्या डोंगरी गोरिलांचा अभ्यास डायन फॉसी यांनी १९६७ पासून केला. त्यांचा लाडका ‘डिजिट’ नावाचा गोरिला १९७७ च्या अखेरीस शिकाऱ्यांनी मारला, आणि १९८५ मध्ये खुद्द फॉसी यांचाही खून झाला. विरुंगा पर्वतात १९८० च्या सुमारास जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. आज त्या पर्वतांत आणि युगांडाच्या ब्विंडी जंगलात मिळून डोंगरी गोरिलांची संख्या हजारावर आहे. शिकारबंदी, पहारा, आजारी गोरिलांवर उपचार हे सगळे त्यामागे आहेच. पण रुवांडाने आणखी एक गोष्ट केली. गोरिला पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातला वाटा २००५ पासून जंगलाकाठच्या गावांना दिला, आणि २०१७ मध्ये तो पाचवरून दहा टक्के केला. गोरिला पाला खातो, बिबट्या मांस खातो, तेव्हा आपले काम जास्त अवघड आहे. पण तत्त्व एकच आहे. जो शेजारधर्माचा त्रास सोसतो, त्याला फक्त उपदेश देऊन चालणार नाही.

आपल्या सह्याद्रीतील पूर्वजांना हे ठाऊक होते. अकोल्याच्या आदिवासी गावांत आजही वाघबारस पाळतात. वाघोबाला मान द्यायचा आणि गुरे-वासरे सांभाळण्याची विनवणी करायची. आपली श्रद्धा वेगळी आहे, पण त्यामागची समज मोलाची आहे: शेजारी धोकादायक असला तरी त्याच्याशी काही मर्यादा ठरवून राहता येते.

त्या मर्यादा आज आपण ठरवू शकतो. शेळ्यांचा गोठा रात्री चारी बाजूंनी बंद असावा. मेलेली जनावरे आणि कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेला एकटे सोडू नये. बिबट्या दिसला तर घोळका करून त्याला कोंडू नये. पण याहून मोठी कामे एकट्याने होत नाहीत. शेतीला दिवसा वीज, तोडणी कामगारांच्या मुलांसाठी सुरक्षित निवारा, प्रत्येक वस्तीवर दिवा आणि शौचालय, शेळीची भरपाई हेलपाटे न घालता मिळणे, या मागण्या ग्रामसभेत आणि कारखान्याच्या सभेत आपण मांडल्या पाहिजेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात ते दोन्ही आक्रोश एकाच उसाच्या फडातून येतात.

येत्या हंगामात आपल्या गावाच्या शिवारात तोडणी कामगारांच्या कोप्या पडतील. बिबट्याबद्दल आपले मत काहीही असो, तिथे जाऊन पाहू या की त्यांची मुले रात्री कुठे झोपतात. मग जे करता येईल ते करू या.