बुर्ज खलिफाचा खरा भाडेकरू

दुबईच्या मराठी सहलींच्या कार्यक्रमात बुर्ज खलिफा नाही, असे सहसा होत नाही. 124व्या मजल्यावरच्या गॅलरीत जायचे, वाळवंट आणि समुद्र एका नजरेत घ्यायचा, फोटो काढायचे आणि उतरायचे. चोखंदळ मंडळी याला नाक मुरडतात. खरी इमारत म्हणजे तिच्यातली घरे, हॉटेल आणि कचेऱ्या. पर्यटक आपला उपरा, अशी त्यांची समजूत. हिशेब पाहिला तर गोष्ट उलटी दिसते. इतकी उंची राहण्यासाठी लागतच नाही, ती बघितली जाण्यासाठी लागते. आणि म्हणून बघायला येणारा हाच अशा इमारतीचा खरा भाडेकरू ठरतो.

4 जानेवारी 2010 रोजी खुल्या झालेल्या या मनोऱ्याची उंची 828 मीटर आहे. उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2013 मध्ये मोजदाद केली, तेव्हा वापरातल्या सर्वांत वरच्या मजल्याच्या पुढची 244 मीटर उंची निव्वळ मिरवण्याची निघाली. एकूण उंचीचा हा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा भाग. गॅलरीकडे जाण्याची वाट दुबई मॉलमधून जाते. मॉल, कारंजे आणि भोवतालच्या निवासी इमारती ज्या एमार कंपनीने उभ्या केल्या, तिचाच हा मनोरा. त्याच्या सावलीत जमिनीला भाव चढतो तो त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात म्हणून. ही दुबईची नवी युक्ती नव्हे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 मध्ये ऐन मंदीत उघडली, कचेऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि लोक तिला थट्टेने रिकामी इमारत म्हणू लागले. त्या पहिल्या वर्षी गॅलरीच्या तिकिटांनी जवळपास भाड्याइतकाच पैसा मिळवून दिला. तिच्या माथ्यावरचा खांब तर हवाई जहाजे बांधण्यासाठी म्हणून उभारला होता. त्या कामाला तो जवळजवळ आलाच नाही.

यावर अभियंते म्हणतील की मिरवणे असले तरी त्यामागची विद्या अस्सल आहे. ते खरेच आहे. वास्तुकार एड्रियन स्मिथ आणि अभियंता बिल बेकर यांच्यापुढचा मोठा शत्रू वजन नव्हता, वारा होता. मधल्या षट्कोनी गाभ्याला तीन बाजूंनी तीन पंख टेकू देतात. वर जाताना हे पंख पाळीपाळीने आखडत जातात, त्यामुळे दर टप्प्यावर इमारतीचा आकार बदलतो आणि वाऱ्याच्या भोवऱ्यांना एकजूट करून तिला हलवता येत नाही. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री, बर्फ मिसळून ओतले जाई. गॅलरीतून परतणाऱ्या किती जणांना हे कळलेले असते, कोण जाणे! पण या विद्येने एवढे उंच कसे जावे हे सोडवले. का जावे हे तिला कोणी विचारलेही नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विनाउपयोगाची उंची देवळांनीही गाठलीच की. 1010 मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, आतून पोकळ आहे, तेही डोळ्यांसाठीच उभे आहे. मान्य. मिरवणे हा माझ्या लेखी गुन्हा नाहीच. पण त्या देवळाच्या शिलालेखांत राजाच्या देणग्यांबरोबर सुमारे 400 नर्तकींची नावे आहेत, कोण कुठल्या घरात राहणार हेदेखील आहे. बुर्जच्या नावात मात्र सावकार आहे. डिसेंबर 2009 मध्ये कर्जात बुडालेल्या दुबईला अबू धाबीने 10 अब्ज डॉलर दिले आणि उद्घाटनाच्या दिवशी ‘बुर्ज दुबई’चा अबू धाबीच्या शासकाच्या नावाने ‘बुर्ज खलिफा’ झाला. बांधणारे बहुतेक दक्षिण आशियातले मजूर होते. मार्च 2006 मध्ये त्यांतले सुमारे अडीच हजार कामगार बिथरले, मोडतोड झाली, काम थांबले. त्या वेळच्या बातम्यांनुसार साध्या मजुराला दिवसाला 4 डॉलर मिळत. चार वर्षांनी गॅलरीचे आगाऊ तिकीट 100 दिरहॅमचे, म्हणजे साधारण 27 डॉलरचे होते. त्या मजुराची जवळजवळ आठवड्याची कमाई.

ती मजुरी त्या देशांतल्या गावच्या मजुरीपेक्षा बरी होती, म्हणून तर लोक गेले, असेही म्हटले जाते. गेले हे खरे. पण अनेकांनी दलालांना पैसे मोजण्यासाठी कर्ज काढले होते आणि मालक बदलण्याची मुभा त्यांना जवळपास नव्हती. अशा सौद्याला राजीखुशी म्हणणे मला जड जाते.

बुर्ज जरूर पाहावा, तिकीटही काढावे. मात्र ही उंची आपल्याच पैशावर उभी आहे हे ध्यानात ठेवून गाइडला मजले किती हे विचारताना, बांधणारे कुठे राहत होते आणि त्यांच्या हाती काय पडले, हेही विचारावे.