घरातील सातवा दिवस

शास्त्रपाठ : निर्गम 20:8-11, योहान 21:9-13



चौथी आज्ञा आपल्या शब्बाथशाळेतील लहान मूलही तोंडपाठ म्हणते. परंतु तिच्यातील एक यादी आपण घाईने ओलांडून जातो. सातव्या दिवशी कोणी काम करू नये हे सांगताना देवाने पुत्र व कन्या, दास व दासी, गुरेढोरे, इतकेच काय, वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांचा उल्लेख केला. पत्नीचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही. मग तिला विसावा नाही काय? ज्याला दासीची व जनावराची आठवण राहिली, तो घरच्या गृहिणीला विसरेल हे शक्य नाही. आम्हांस वाटते की आज्ञेतील पहिल्या ‘तू’मध्येच ती पतीच्या बरोबरीने उभी आहे. बहुतेक घरांत मात्र हा ‘तू’ एकट्या पुरुषाचा समजला जातो.

पांढुर्णा व सौंसर भागातील आपल्या कुटुंबांकडे पाहा. 2023 साली हा भाग छिंदवाड्यापासून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला; बाकी जगणे तेच आहे. संत्र्याचे बगीचे, कपाशीची शेते, आणि कापूस वेचायला बहुतेक बायाच. कोणी बोरगावच्या कारखान्यात पाळीने जातो, कोणी रोज गाडीने नागपूर गाठतो. आपल्या भगिनींपैकी कोणी शिक्षिका आहे, कोणी परिचारिका, कोणी अंगणवाडीत. मिळकत दोघांची झाली हे चांगलेच झाले. चूल मात्र एकटीचीच राहिली.

हे केवळ पाळकांचे गाऱ्हाणे नव्हे. 1998-99 साली केंद्र सरकारने सहा राज्यांत, त्यांत आपले मध्य प्रदेशही होते, 18,591 कुटुंबांत जाऊन माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. शेती, मजुरी, नोकरी, धंदा अशा हिशोबात धरल्या जाणाऱ्या कामात पुरुषांचे आठवड्याला सुमारे 42 तास जात होते, स्त्रियांचे 19. घरकाम व मुलाबाळांचे, आजाऱ्यांचे करणे यांत पुरुषांचे सुमारे साडेतीन तास आणि स्त्रियांचे साडेचौतीस! दोन्हींची बेरीज करा. स्त्रीचे काम आठवड्याला आठ तासांनी जास्त भरते, म्हणजे कारखान्यातील एक पूर्ण पाळी. 2024 साली देशभर अशीच पाहणी झाली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 289 मिनिटे देत होत्या आणि घरकामात हात घालणारे पुरुष 88. जे पुरुष हात घालीतच नाहीत, ते या 88 मिनिटांच्या हिशोबातही नाहीत.

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळाली असे तरुणांस वाटते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना ती 1890 साली मिळाली, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली, तेव्हा दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. सुट्टी मागताना बाया पुढे होत्या. गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला; त्यांच्या घरची चूल त्या दिवशी बंद राहिली असेल काय, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्या भागात पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. (दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत येते, पोळ्याच्या दयेबद्दल कोणी लिहीत नाही.) मुक्या जनावराला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा, ही चांगली रीत आहे. पण त्याच दिवशी पुरण वाटणारीच्या पाठीला कळ लागलेली असते.

आता योहानाचा भाग उघडा. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकून किनाऱ्याला आले. पुनरुत्थित प्रभूने काय केले? त्याने विस्तव पेटवून ठेवला होता, वर मासळी होती, जवळ भाकर होती. त्याने त्यांना न्याहारीला बोलावले आणि स्वतः वाढले. मरणावर जय मिळवलेल्या हातांना चूल पेटवण्यात कमीपणा वाटला नाही. मार्थेवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले, तिच्या धांदलीला नावे ठेवली. पण मरीया प्रभूच्या पायांशी बसावी असे ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी स्वयंपाकघराची वाट धरायला नको काय?

मंडळीतही हेच चालते, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. हंगामाच्या सणाचे प्रीतिभोजन ठरले की बायका पहाटेपासून भांड्यांशी, आणि उपदेश चालू असताना त्यांची बाके रिकामी. सहा दिवस शेतात किंवा शाळेत राबलेली भगिनी रविवारी आशीर्वादापूर्वीच उठून जाते, कारण घरी पाहुणे येणार असतात. पंच कमिटीने एवढे तरी ठरवावे की पुढच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक व भांडी पुरुषमंडळींकडे राहतील. वरण थोडे करपेल. करपू द्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना आहे. सरकारी पाहणीत पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतात. मोठ्या वर्गातील मुलांना तसाच एक कागद आखून द्यावा. मुलांनी येत्या शनिवारी आईला विचारून तिचा दिवस लिहावा, शेजारच्या रकान्यात वडिलांचा. आणि रविवारचाही असाच लिहावा. वर्गात मोठ्याने वाचून कोणाची लाज काढू नये. कागद घरी न्यावेत, जेवणाच्या वेळी वडिलांनी ते स्वतः वाचावेत, आणि रविवारच्या रकान्यातील कोणते काम पुढच्या आठवड्यापासून कोण करणार, ते तेथेच पेन्सिलीने लिहावे.